प्लास्टिकातली गादी

बाई चमच्यानं जेवायच्या.

वरणभातालाही चमचा. पोळी असली तर ती भाजीत कुस्करून, मऊ करून, चमच्यानं. पाच बोटांनी भात कालवल्याशिवाय जेवण अंगी लागत नाही असं मानणाऱ्या आमच्या भागात हे विचित्रच होतं. महिन्याच्या मिटिंगला डबे उघडले की बाकीच्या सिस्टर एकमेकींना कोपर मारायच्या. "पाह्य, मेमसाब बसली जेवायले." बाई मान वर न करता म्हणायच्या, "मेमसाबले लोनचं वाढा कोनी." आणि लोणचंही चमच्यानंच खायच्या.

मला मात्र ते आवडायचं. आमच्या शाळेत चमचा कसा धरायचा, तो ताटलीवर न वाजवता कसा ठेवायचा, हे शिकवलं होतं. त्या सगळ्या बायकांमध्ये मी एकटी चमचा घेऊन बसले असते तर मेले असते. बाई होत्या म्हणून निभावलं. मनातल्या मनात मी त्यांना माझ्या बाजूची समजत होते. त्या चमच्याचं खरं कारण मला कळलं ते पुढच्या पावसाळ्यात, आणि तेही सगळ्यांबरोबर, एकाच वेळी.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. गोंदिया शहरात वाढलेली. घरात अर्धी हिंदी, शाळेत पूर्ण इंग्रजी. सालेकसा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर म्हणून मला पहिली नोकरी मिळाली. केंद्रातली राहायची खोली औषधांच्या खोक्यांनी भरलेली होती. तीन किलोमीटरवर एक उपकेंद्र होतं. पुढे दवाखान्याची खोली, मागे नर्सबाईंचं दोन खोल्यांचं क्वार्टर. "बाईंकडे एक खोली रिकामी असते, विचारून पाहा," असं केंद्रातल्या शिपायानं सुचवलं.

मी विचारलंच नाही. स्कूटीवर बॅग ठेवून दारात जाऊन उभी राहिले. मला तेवढंच जमायचं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कम्प्युटरवाली पोट्टी तूच काय?"

मी मान हलवली.

"बोलता येते का नाई?"

"यस," मी म्हणाले. तोंडातून तेच निघालं.

त्या दिवसापासून मी 'इंग्लिश' झाले. "ए इंग्लिश, चहा पे." "इंग्लिश, दार लाव, बकरी शिरून राहिली." पुढे गावातली लहान मुलंही मला 'इंग्लिशबाई' म्हणायला लागली. मला राग यायचा नाही. नाव ठेवायला आधी माणसाकडे नीट पाहावं लागतं, आणि माझ्याकडे तोवर फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

एकमेकींना काही विचारायचं नाही, हा आमच्या घराचा न ठरवलेला नियम होता. मला तो सोयीचा वाटला. बाईंच्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो नव्हता, मी विचारलं नाही. कोपऱ्यातल्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्यासमोर रोज एक ताजं फूल असायचं, कधी कधी चक्क भोपळ्याचं. तेही विचारलं नाही. एकदा त्यांनी आपण होऊन सांगितलं, की नोकरीच्या सुरुवातीला या गावातली काही घरं त्यांना प्यायला पाणी वरून ओतून द्यायची. "आनि पोरगी अडली का मंग थेट चुलीपाशी न्यायची. मी म्हनो, माय, पानी आता कोनाच्या हातचं पेऊन राहिलं तुवं बाळ?" हे सांगून त्या खूप हसल्या. मी हसावं की नाही हे मला कळलं नाही, म्हणून मी स्टोव्हला पंप मारत बसले.

त्यांच्या खोलीत एक लोखंडी पलंग होता आणि त्यावर एक जाड कापसाची गादी, दुकानातून आली तशी, प्लास्टिकमध्ये. वर धूळ बसू नये म्हणून जुनं लुगडं टाकलेलं. त्या गादीवर बाई कधीच झोपायच्या नाहीत. त्या झोपायच्या जमिनीवर, सतरंजीवर, बाहेरच्या दाराला डोकं लावून. शेजारी पिशवी. चपला दाराकडे तोंड करून. दार वाजलं की उठायचं, पाय थेट चपलेत जायचे, हात पिशवीवर पडायचा, आणि दार उघडायच्या आधीच त्या विचारायच्या, "कोनत्या टोलीचं?"

आमच्याकडे गावापासून दूर जंगलाच्या कडेला दहा-वीस घरांची वस्ती असते, तिला टोली म्हणतात. बाईंच्या वाट्याला अशा सात टोल्या होत्या.

गादीचं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, बहुतेक मी तिच्यावर बसू नये म्हणून. "ते रिटायरमेंटची गादी होय. पहिले सा महिने मी नुसती झोपीन. कोनी मेलं तरी उठीन नाई. मी मेली तरी उठीन नाई." आणि मग बोट वर करून, "आनि माझं सर्व्हिस बुक पाह्य कधी. येक लाल रेघ नाई. कोरं. कोरं घेऊन आली, कोरं घेऊन जाईन."

दुसरं काही त्यांना नको होतं. डाग नसलेलं पुस्तक आणि सहा महिन्यांची झोप. मी आले तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

त्यांच्याबरोबरच्या पुरुष आरोग्य सेवकाची जागा कित्येक वर्षांपासून रिकामी होती. म्हणजे लसी, बाळंतपणं, वजनं, गोळ्या हे बाईंचं काम होतंच. शिवाय घरोघरी फिरून तापाचे रुग्ण शोधायचे, बोटाला सुई टोचून काचेच्या स्लाइडवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि मलेरियाच्या तपासणीला केंद्रात पाठवायचा, हे त्याचं कामही त्यांच्याकडे आलं होतं. दर महिन्याला किती स्लाइड यायला हव्यात याचा आकडा ठरलेला. ताप असो नसो, आकडा भरायचा. मिटिंगमध्ये डॉक्टर एकेका उपकेंद्राचे आकडे वाचायचे. बाई उभ्या राहून प्रत्येक आकड्याला "हो सर" म्हणायच्या. कमी असला तरी "हो सर", जास्त असला तरी "हो सर". एकदा डॉक्टर चुकून शेजारच्या उपकेंद्राचे आकडे वाचत होते, तरी बाई "हो सर" म्हणत उभ्याच होत्या.

एकदा जिल्ह्याहून एक साहेब आले. कर्मचाऱ्यांचा ताणतणाव कसा कमी करावा याचं प्रशिक्षण होतं. वीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या, मी कोपऱ्यात हजेरीचा कागद घेऊन. साहेबांचा आवाज फार मऊ होता. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. "आता कल्पना करा, तुम्ही एका नदीच्या काठी बसला आहात. पाणी शांत वाहतंय. तुम्हाला कुणीही हाक मारत नाहीये."

एवढ्यावर बाई घोरायला लागल्या.

आधी एक जण हसली, मग सगळ्या. शेजारच्या सिस्टरनं खांदा हलवला, तशा बाई दचकून उठून बसल्या, पायांनी चपला शोधायला लागल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कोनत्या टोलीचं?"

साहेबही हसले. बाईंनी पदर सावरला. "सर, नाराज नोका होऊ. एवढं चांगलं ट्रेनिंग आजपावेतो झालं नाई."

शेवटी सगळ्यांना एक छापील फॉर्म भरायचा होता. बाईंनी चष्मा आणला नव्हता, म्हणून मी वाचून दाखवत होते. आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, वगैरे. बाई भराभर "लिही, बरं आहे" म्हणत होत्या. मग प्रश्न आला: तुमच्या झोपेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? खाली पाच चौकोन.

बाई थांबल्या. "याच्यात 'मालूम नाई' कुठं आहे?"

"नाहीये, बाई."

"मंग सोड तो खाली. लिहा म्हना, रिटायर झाल्यावर सांगते."

पाचही चौकोन मी रिकामे सोडले.

आता त्या दुपारबद्दल. मी हे लिहायचं टाळत होते.

सातांपैकी सगळ्यात लांबची टोली टेकडीमागे होती. तिथे जायला नाला ओलांडावा लागायचा, आणि बाईंचा उजवा गुडघा वर्षभरापासून नीट वाकत नव्हता. त्या टोलीतले लोक सुईला वैतागले होते. ताप नसताना दर महिन्याला बोट कशाला टोचायचं? बाई रक्त नेऊन शहरात विकते, असंही कुणीतरी उठवलं होतं. एक तरणा पोरगा तर तोंडावर म्हणाला होता, "नर्सबाई, आमचं रगत सरलं आता. तुयंच घे."

ते त्यांनी हसत हसत मला सांगितलं होतं.

त्यानंतर केव्हातरी, एका दुपारी, मी डोकं दुखतंय म्हणून लवकर परतले. बाई मागच्या ओसरीत जमिनीवर बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्र, त्यावर पापड वाळत घालावेत तशा काचेच्या स्लाइड ओळीनं मांडलेल्या. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला कापूस होता. त्या मला पाहून दचकल्या नाहीत. "आली काय? चहा ठेव," म्हणाल्या. मी चहा ठेवला. स्लाइडवर क्रमांक टाकत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. चहा देताना पाहिलं तर कापूस उजव्या हाताच्या बोटाला होता.

मी विचारलं नाही.

चांगल्या घरातल्या मुली चौकशा करत नाहीत, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. माझ्या भित्रेपणाला ते छान झाकण होतं.

२००९चा पावसाळा होता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. भाताच्या बांधीबांधीत रोवणी सुरू होती, सगळं शिवार कमरेतून वाकलेलं. त्या आठवड्यात बाई घरात स्वेटर घालून फिरत होत्या. "भिजली ना मी नाल्यात," म्हणाल्या. एक दिवस आड त्यांना हुडहुडी भरायची, मग घाम फुटायचा, मग त्या उठून कामाला जायच्या. रोज दहा जणांना 'ताप आहे का' विचारणारं माणूस ते. आपल्याला काय झालंय हे त्यांना कळलं नसेल का? मला वाटतं, स्वतःला विचारायची वेळ त्यांच्या दिवसात नव्हतीच. आणि मी? मी त्यांच्या अंगावर माझी जाड चादर टाकली आणि हाताला हात लागू नये म्हणून लगेच मागे झाले.

त्याच शनिवारी केंद्रातल्या लॅबचा टेक्निशियन धावत आला. "सर, बडा काम हो गया. एकाच टोलीचे अकरा पॉझिटिव्ह."

टेकडीमागची टोली. अकरा नावं, सहा वर्षांच्या मुलीपासून सत्तरच्या म्हाताऱ्यापर्यंत, अकराही स्लाइड एकाच दिवशी घेतलेल्या. नावं मीच कॉम्प्युटरवर चढवली. चौथ्या नावापाशी माझी बोटं थांबली. ओसरीतलं वर्तमानपत्र डोळ्यांसमोर आलं. मी पुढचं नाव टाइप केलं.

डॉक्टर तरुण होते, मराठवाड्यातून आलेले, मनानं सरळ. अकरा म्हणजे साथ. त्यांनी जीप काढली, गोळ्यांचे डबे घेतले, लिहून घ्यायला मला घेतलं. वाटेत उपकेंद्रावरून बाईंना उचललं. बाई स्वेटर आणि त्यावर रेनकोट घालून पुढे बसल्या. डॉक्टरांनी टोलीचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त काच वर केली. काच आधीच वर होती.

टोलीत सगळे ठणठणीत होते. एक म्हातारा बैल धुत होता, त्याचं नाव यादीत पहिलं.

"बाबा, ताप आहे ना तुम्हाला?"

"मले? कायले येईन ताप? सकाळपासून चिखलात हाव."

"आठ दिवसांपूर्वी बोटातून रक्त घेतलं होतं ना?"

"कोनी घेतलं? आमाले तं सालभरापासून कोनी टोचलंच नाई."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. तोवर लोक जमले होते. बाई जीपच्या दाराला धरून उभ्या होत्या. आणि मग एक नवल घडलं. गर्दीतली एक म्हातारी पुढे आली. कपाळभर गोंदलेली, टोलीतल्या अर्ध्या पोरांची आजी. तिनं एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे, आणि त्या म्हाताऱ्यावर ओरडली.

"काऊन गा, इसरला काय? टोचलं नाई काय तुले? दारू पेऊन पडला होता तवा." मग डॉक्टरांकडे वळून, "टोचलं साहेब. समद्याइले टोचलं. हे पाहा." तिनं आपलं बोट वर केलं.

बघता बघता सगळ्यांनी बोटं वर केली. मघाच्या बैलवाल्यानं केलं. 'आमचं रगत सरलं' म्हणणाऱ्या त्या पोरानंही केलं. ज्या टोलीनं बाईंना वर्षभर एक थेंब दिला नव्हता, ती बोट उभारून त्यांच्यासाठी खोटं बोलत होती.

डॉक्टरांचं समाधान झालं. त्यांनी डबा उघडला. "एकेक जण या. इथंच माझ्यासमोर गिळायच्या." मी यादी वाचायला लागले.

तिसरं नाव एका नव्या सुनेचं होतं. ती हात पुढे करून आली, मागे सासू. डॉक्टरांनी विचारलं, "पाळी चुकली वगैरे नाही ना?" तिनं खाली मान घालून नकार दिला. तिच्या तळहातावर डॉक्टरांनी गोळ्या ठेवल्या.

तिला दिवस जाऊन दोन महिने झाले होते, आणि त्यातल्या काही गोळ्या गर्भारपणात चालत नाहीत. हे मला नंतर कळलं. ते फक्त बाईंना माहीत होतं. आधीचं एक गेलं होतं, म्हणून तिनं घरातही सांगितलं नव्हतं. बाई डॉक्टरांना बाजूला घेऊन तेवढंच कुजबुजू शकल्या असत्या. ती एक वाचली असती, बाकीच्या दहांनी कडू गोळ्या गिळल्या असत्या, आणि सर्व्हिस बुक कोरं राहिलं असतं. आठच महिने तर उरले होते.

"खाऊ नको वं," बाई म्हणाल्या.

सुनेचा हात तसाच राहिला.

"सर, थांबा. ते रगत यांचं नोहे." बाईंनी रेनकोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि दोन्ही पंजे पुढे केले. "अकराही माझं होय."

पावसानं पांढरी पडलेली ती बोटं मी पहिल्यांदा नीट पाहिली. प्रत्येक बोटाच्या टोकाला बारीक काळे ठिपके होते. नवे, जुने, एकावर एक. अंगठे तेवढे स्वच्छ होते. तिखट, मीठ, लिंबू असल्या बोटांना लागलं तर काय होत असेल, ते माझ्या एकदम लक्षात आलं. चमचा.

डॉक्टर ओरडले. ओरडायलाच हवं होतं. किती महिने? किती स्लाइड? खरा ताप असता कुणाला तर? बाई सवयीनं "हो सर" म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "तापाच्या मानसाची मी खरी घेतली सर. कधी चुकली नाई. बिनतापाच्याची माझी." हे खरं होतं असं मला वाटतं. पण ते दाखवणार कसं?

डॉक्टर बोलत होते आणि मला एकटीला एक गोष्ट दिसत होती. अकराही स्लाइड बाईंच्या असतील, तर ताप कुणाला आहे? तोंड उघडायचं होतं. वाक्य आधी इंग्रजीत आलं, मग हिंदीत, मराठीत येईपर्यंत वेळ गेला.

माझ्याआधी ती गोंदलेली म्हातारी पुढे झाली. तिला स्लाइड कळत नव्हती, पॉझिटिव्ह कळत नव्हतं. तिनं सरळ बाईंच्या कपाळावर हात ठेवला.

"अवो साहेब, कायले भांडता? आंग तं तव्यावानी झालं हिचं."

बाई तिथंच, चिखलात, खाली बसल्या.

म्हातारीनं जे केलं, त्याला एक हात लागतो. मी आठ दिवस त्याच घरात होते.

परतताना गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण जीपमध्ये तेवढं डिझेल नव्हतं. ड्रायव्हर आणायला गेला तोवर बाईंना क्वार्टरमध्ये आणलं. डॉक्टरांनी पहिल्या गोळ्या स्वतः हातानं दिल्या, पाणी पाजलं. जमिनीला ओल आली होती. मी पलंगावरचं लुगडं काढलं आणि गादीच्या प्लास्टिकला नख लावलं.

बाई डोळे मिटून भिंतीला टेकल्या होत्या. तो आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले.

"फाडू नको, इंग्लिश. अजून आठ महिने हायत."

मी हात मागे घेतला. बाईंना आम्ही प्लास्टिकसकट त्या गादीवर निजवलं. त्या कुडकुडायच्या तेव्हा खालचं प्लास्टिक वाजायचं.

सोमवारी डॉक्टरांनी मला त्या अकरा ओळी काढून एक ओळ टाकायला सांगितलं. नाव, वय सत्तावन्न, टोली, घर क्रमांक. गावातल्या घरांना क्रमांक बाईंनीच गेरूनं घातले होते, दारोदार फिरून. उपकेंद्राच्या क्वार्टरला घालायचं राहून गेलं होतं. घर क्रमांकाशिवाय कॉम्प्युटर ओळ पुढे जाऊ देईना. मी डॉक्टरांना विचारलं. ते उठून स्क्रीनपाशी आले. "शून्य टाका," म्हणाले.

बाई बऱ्या झाल्या. चौकशी झाली. सर्व्हिस बुकात लाल शाईनं शेरा पडला. डॉक्टरांनी तो सौम्य लिहिला होता म्हणे, पण लालच तो. उरलेले महिने त्यांना दुसऱ्या तालुक्यात पाठवलं. टेम्पोवर पलंग चढला, गादी चढली, प्लास्टिक तसंच. निघताना बाई एवढंच म्हणाल्या, "दार लावत जाय. बकरी शिरते." टोलीतली ती सून आपल्या नवऱ्याबरोबर नाल्यापर्यंत आली होती. तिनं पिशवीभर मोहफुलं टेम्पोत ठेवली.

मी त्यानंतर वर्षभर तिथे होते. मग ती नोकरी सोडली.

बाईंना मी पुन्हा एकदाच भेटले. तिरोड्याकडे, बोदलकसाच्या रस्त्यावरच्या एका गावात त्या भावाच्या घरी राहत होत्या. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. म्हणजे ते सहा महिने केव्हाच संपले होते. या खेपेला मी ठरवून गेले होते, की दारात नुसती उभी राहणार नाही. दुपारची वेळ, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी दार वाजवलं.

दुसऱ्यांदा वाजवायला हात उचलला, तोच दार उघडलं. बाई समोर होत्या. केस विस्कटलेले, डोळे पुरते उघडलेले नाहीत. पायांत चपला. हातात पिशवी.

"कोनत्या टोलीचं?" त्यांनी विचारलं.

हळूहळू त्यांचे डोळे माझ्यावर स्थिर झाले. हातातल्या पिशवीकडे त्यांनी असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या हातात दिली होती. मग खुंटीला अडकवली.

"इंग्लिश! अवं, किती वाळली तू. जेवली काय?"

आत पलंग होता. त्यावर ती गादी, प्लास्टिक काढलेली, स्वच्छ चादर घातलेली, एकही सुरकुती नसलेली. सतरंजी दारापाशी अंथरलेली होती, मधोमध दबलेली.

त्यांनी मला जेवायला वाढलं. स्वतःही बसल्या. भातावर आंबाडीची भाजी, वर मिरचीचा ठेचा, आणि पाची बोटांनी कालवून जेवल्या. मी पाहते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बोटं माझ्यासमोर धरली. ठिपके गेले होते. "आता झोंबत नाई," म्हणाल्या. मीही चमचा बाजूला ठेवला आणि हातानं जेवले. मला नीट जमलं नाही. भात मनगटापर्यंत आला. बाई हसत होत्या.

निघताना मी दारात थांबले. त्यांच्या कपाळाला हात लावावा असं मनात आलं, पण तेवढं मला अजूनही जमत नाही. मी विचारलं मात्र. आयुष्यात त्यांना विचारलेला माझा पहिला प्रश्न.

"बाई, झोप लागते का आता?"

त्यांनी पलंगाकडे पाहिलं, मग खाली सतरंजीकडे. त्यांना तो फॉर्म आठवला असेल की नाही, मला सांगता येणार नाही.

"लागते ना," त्या म्हणाल्या. "दारापाशी लागते."